ठुशी आटवणार नाही

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
३ ऑगस्ट २०२५

ती. उमाकाकूंना,
अश्लेषाचा नमस्कार.

तुम्ही सगळे बरे असाल. आमच्याकडे सगळं नीट आहे. आईनं लिंबाचं लोणचं घातलं आहे, मुरलं की एक बरणी चिन्मयबरोबर पाठवणार आहे. बाबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या नि चिन्मयच्या लग्नानंतरच करायचं आहे, कारण मांडवात काळा चष्मा घालून उभं राहायला ते तयार नाहीत.

एकाच शहरात राहून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि काका शेजारी पेपर वाचत बसलेले असतात. हे आधी तुम्ही एकटीनं वाचावं, एवढंच कारण. पाकिटावर फक्त तुमचं नाव आहे.

विषय ठुशीचा आहे.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर काकांनी कपाटातून डबी आणून माझ्यापुढे ठेवली. "ही घे ती आमची कुप्रसिद्ध ठुशी. माझ्या आजीची, चतुराबाईंची. सात वर्षं तोंड लपवून बसलीय. तुझ्या ऑफिसात टंच काढ, किती शुद्ध निघते ते बघ, आणि आटवून नवी करून घे. महालक्ष्म्यांच्या आत झाली पाहिजे. आधी ज्येष्ठेच्या गळ्यात, मग तुझ्या."

चिन्मय म्हणाला, "बाबा, ती हॉलमार्किंग सेंटरमध्ये आहे. सोनाराच्या दुकानात नाही."

"तेच ते. घरातच पारखी आला. आता कुणाची हिंमत नाही व्हायची."

तुम्ही तेव्हा ताटं उचलत होतात. तुमच्या हातून वाटी पडली.

हिंमत कुणाची, ते मला माहीत होतं. मोठ्या वहिनींनी, मंजुषाताईंनी, ठुशीतलं सोनं काढून घेतलं आणि त्यावरून विश्वजितदादांचा संसार मोडला, असं चिन्मयनं मला साखरपुड्याआधी सांगितलं होतं. एका दमात सांगितलं आणि लगेच विचारलं की उसाचा रस घेणार का.

मंगळवारी दुपारी तुमचा फोन आला. "टंच-बिंच काढत बसू नकोस गं. सरळ आटवायला दे. जुन्याचं काय बघायचं?" मी "बरं" म्हटलं. त्या वेळी ठुशी मशीनच्या झाकणाखाली होती, हे तेव्हा सांगायला हवं होतं. आता सांगते.

सराफ काळ्या दगडावर दागिना घासतो, ओरखड्यावर तेजाबाचा थेंब टाकतो आणि रंगावरून कस ठरवतो. मुरलेल्या माणसाला त्यातून पुष्कळ कळतं. आमचं मशीन दागिन्यावर क्ष-किरण सोडतं आणि त्यात कुठला धातू किती आहे ते दाखवतं. काही कापावं लागत नाही. पण ते फक्त वरचा थर वाचतं. वर सोन्याचं पाणी दिलेलं असेल तर आकडा फसवा येतो. म्हणून मी झिजलेल्या जागा निवडल्या, मण्यांची मानेला घासणारी बाजू.

पुढचे मणी चतुराबाईंचेच असावेत. हातानं घडवलेले आहेत, एकासारखा दुसरा नाही. त्यांत सोनं नव्वद टक्क्यांच्या वर आहे, बाकी चांदी आणि थोडं तांबं. मागचे, दोन्ही टोकांकडचे मणी साच्यातले आहेत. वर पाणी आहे आणि झिजलेल्या जागी आकडा अठ्ठावन्नच्या आसपास येतो. म्हणजे चौदा कॅरेट. आणि ज्या दोन पट्ट्यांत दोरी अडकवतात, त्यांच्या झाळीत कॅडमियम आहे.

झाळ म्हणजे दोन तुकडे जोडायला मध्ये वितळवतात तो धातू. कॅडमियम लवकर वितळतं, जोड साफ बसतो, पण त्याचा धूर कारागिराच्या फुफ्फुसात जातो. म्हणून आता हॉलमार्कच्या दागिन्यात ते चालत नाही. मध्यंतरी एक काळ होता, दुकानांवर 'केडीएम दागिने' अशा पाट्या मोठ्या अक्षरांत असायच्या. ते हेच कॅडमियम. तो काळ चतुराबाईंचा नाही. तुमच्या तरुणपणाचा आहे.

कॅडमियमवरून काम साधारण कधीचं ते कळतं. कुणी करवून घेतलं ते कळत नाही. म्हणून विचारते, ठुशी शेवटची दुरुस्तीला केव्हा गेली होती?

तुमचं उत्तर येईपर्यंत मी ती आटवायला देणार नाही. आटवली की सगळे मणी एक होतात. मग कुठला मणी कुणाच्या काळातला, हे कुठल्याही मशीनला सांगता येत नाही. हे तुम्हाला माझ्याआधीच माहीत असेल.

काकांना मी काही बोललेले नाही.

आपली,
अश्लेषा


मुकुंदवाडी
१८ ऑगस्ट २०२५

ती. उमाकाकूंना,
नमस्कार.

पत्राचं उत्तर म्हणून चिन्मय आला. पोहे खाल्ले, आईशी पावसापाण्याचं बोलला, आणि आई आत गेल्यावर म्हणाला, "आई म्हणते ठुशी दे. ती बघेल सराफाचं. तू कशाला त्रास घेतेस?"

"मला त्रास नाही."

"अश्लेषा, जुनं प्रकरण आहे. आई दोन दिवस रडतेय. तिचं बीपी तुला माहितीय."

"का रडतेय, विचारलंस?"

"आईला काय विचारायचं?"

"वहिनींना विचारलं होतं ना सगळ्यांनी मिळून?"

त्यावर तो उठला. ठुशी न घेता गेला. हे तुम्हाला त्यानं कोणत्या शब्दांत सांगितलं ते मला माहीत नाही. मी हेच शब्द वापरले होते.

दुसरी गोष्ट. शनिवारी मी वैजापूरला गेले होते. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मग मी तुमचा शब्द मोडून गेले असं झालं असतं. आता मी नुसती न सांगता गेले आहे.

मंजुषाताई मार्केट यार्डाजवळ राहतात. कांद्याच्या व्यापाऱ्यांची कराची कामं करून देतात. दार त्यांच्या आत्यांनी उघडलं, मनकर्णाबाईंनी. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"समर्थनगरची होणारी सून व्हय? मग चपला घालूनच बस. लवकर जायला बरं."

"आत्या, तिला पाणी तरी दे," मंजुषाताई आतून म्हणाल्या.

"देते की. आपल्या पाण्यात खोट नाय निघत." तांब्या आपटत त्या मला म्हणाल्या, "आधी हिच्या गळ्यातलं जोखलं, आता तुझ्या गळ्यातलं जोखतील. लई हौशी लोकं. तुझ्या आईनं काय पाहून दिलं गं तुला तिथं?"

मी म्हटलं, "अजून दिलेलं नाही."

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. चहा नंतर आला, साखर जरा जास्तच घातलेला.

मंजुषाताई फार बोलत नाहीत. जे सांगितलं ते सरळ सांगितलं. त्या वर्षी श्रावणात मंगळागौरीला त्यांनी ठुशी घातली होती. दिवसभर घाम. संध्याकाळी काढली तर मानेवर, पट्ट्यांच्या खाली, काळसर डाग. त्यांना वाटलं कुणी सोनारानं फसवलं असेल, घरात सांगायला हवं. त्यांनी तो डाग सगळ्यांत आधी तुम्हाला दाखवला. तुम्ही म्हणालात, "घाम फार येतो गं तुला." आणि पावडरचा डबा दिलात.

पुढं भाद्रपदात काकांनी महालक्ष्म्यांसाठी सगळे दागिने उजळायला दिले आणि सराफानं त्यांना बाजूला घेऊन ठुशीत खोट असल्याचं सांगितलं. पूजेच्या दिवशी, सगळी पंगत बसलेली असताना, काकांनी विचारलं, "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" किल्ली मंजुषाताईंकडे होती. मग सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही म्हणालात,

"माझ्याकडून तिच्याकडे गेली तेव्हा ठीक होती."

मी हे वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. शब्दांत फरक पडला नाही.

"मला कुणी हाकललं नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं माझ्या हातनं वाढून घेणं बंद झालं. मी कटाची आमटी घेऊन गेले, तर लोकांनी वाटीवर हात आडवे धरले. सासूबाईंनी माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतः वाढायला लागल्या. सगळ्यांनी घेतली."

त्यांना काय हवं, ते मी विचारलं. म्हणाल्या, "ज्यांच्यापुढं ते वाक्य झालं त्यांच्यापुढं दुसरं वाक्य व्हावं. बाकी काही नको. आणि माफी मागायला इथं यायचं नाही म्हणावं. मला चहा करावा लागतो."

काकू, तुमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर विश्वजितदादांच्या मुंजीचा फोटो आहे. १९९९ सालचा. तुमच्या मांडीवर चिन्मय आहे, दोन वर्षांचा, आणि त्यानं ठुशी मुठीत धरून ओढली आहे. त्यामुळे ती गळ्याभोवती फिरली आहे आणि एरवी मानेमागं लपणारी पट्टी पुढं खांद्यावर आलेली आहे. पट्टीवर तीन फुलं आहेत. मधलं उलटं बसलं आहे, पाकळ्या खाली. आज माझ्यापुढे जी ठुशी आहे तिच्यावरही मधलं फूल उलटं आहे. कॅडमियम त्याच पट्टीत आहे.

म्हणजे ठुशी त्या मुंजीच्या आधी उघडली गेली होती. मंजुषाताई तेव्हा वैजापूरच्या शाळेत चौथीत होत्या.

हा फोटो सात वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ज्या दिवशी तुम्ही ते वाक्य बोललात त्या दिवशीही तो भिंतीवर असणार.

तुम्ही ती कशासाठी मोडलीत ते मी विचारत नाही. अंदाज करू शकते. चिन्मय एकदा सहज म्हणाला होता की मुंजीच्या वर्षी काकांची कंपनी बंद पडली होती. मुंज मात्र वाजतगाजत झाली, गाव जेवलं. माझ्या लेखी ती चोरी नव्हती. गळ्यातलं सोनं अडचणीत मोडायलाच असतं, आणि गळा तुमचा होता. ज्या घरात एका बाईला हे नवऱ्याला सांगता आलं नाही, त्या घराबद्दल मला बरेच प्रश्न आहेत. तुमच्याबद्दल एकच आहे. ते वाक्य.

साखरपुड्याच्या दिवशी तुम्ही मला आतल्या खोलीत नेलंत, गजरा सरळ केलात आणि म्हणालात, "डिसेंबरात कपाटाची किल्ली तुझ्याकडे. मी सुटले." मला बरं वाटलं होतं. असं मी सहसा लिहीत नाही. आता मला ती किल्ली हातात घ्यायची भीती वाटते. उद्या त्या कपाटात काही कमी निघालं, काहीही, तर सगळे तुमच्याकडे पाहतील, आणि तुम्ही काय म्हणाल ते मला आत्ताच ठाऊक आहे.

म्हणून माझी अट.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला तीच माणसं असतील. मी ठुशी घेऊन येईन, आहे तशी. मी स्वतः कुणाला काही सांगणार नाही. मी बोलले तर तो पुन्हा एका बाईनं दुसरीवर केलेला आरोप होईल, आणि काका दोन मिनिटांत त्याचं सासू-सुनेचं भांडण करून टाकतील. बोलायचं तुम्ही. नाही बोललात, तर जेवण झाल्यावर मी साखरपुड्याची अंगठी देवापुढे ठेवून घरी जाईन. आरडाओरडा करणार नाही.

चिन्मयला हे सांगितलं आहे. तो म्हणाला, "ही धमकी झाली." मी म्हटलं, धमकीत दुसऱ्याचं काहीतरी जातं, यात माझं जातं. हे वाक्य मी या पत्रात लिहून खोडलं होतं. पुन्हा लिहिलं आहे.

ठुशी आटवणार नाही. तुम्ही पुन्हा कुणाला पाठवू नका.

तुमची कोण, ते महालक्ष्म्यांनंतर लिहीन.
अश्लेषा


मुकुंदवाडी
४ सप्टेंबर २०२५

प्रिय मंजुषाताई,
नमस्कार.

मनकर्णाबाईंना सांगा, समर्थनगरला मी चपला काढून बसले होते. लवकर निघावं लागेल अशी तयारी मात्र ठेवली होती. रिक्षेचे सुटे पैसे पर्समध्ये वेगळे काढलेले होते.

तुम्ही फोन नको म्हणालात, म्हणून लिहिते. झालं तेवढंच लिहिते.

सोमवारी सकाळी मी पोहोचले तेव्हा महालक्ष्म्या उभ्या होत्या, मुखवटे बसवलेले, शालू नेसवलेले. कनिष्ठेच्या गळ्यात मोहनमाळ होती. ज्येष्ठेच्या गळ्यात नुसती शेवंतीची वेणी. काकूंना दारात नमस्कार केला तर त्या म्हणाल्या, "आलीस? लिंबं चिरून घे." पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. स्वयंपाकघरात गर्दी कमी झाली तेव्हा मी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पदराला हात पुसले, डबी घेतली आणि आतल्या खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. मी बोटातली अंगठी जरा फिरवून पाहिली, निघते का. निघत होती.

पंगत बसली. काका, विश्वजितदादा पुण्याहून आलेले, चुलत सासरे, चिन्मयच्या आत्या, तुम्ही सांगितलीत ती सगळी. मी मीठ-लिंबू वाढत होते. काकू तुपाचं भांडं घेऊन बाहेर आल्या. ठुशी त्यांच्या गळ्यात होती.

काका म्हणाले, "अगं, ही तर जुनीच. नवी कुठंय?"

"नवी नाही केली."

"मग ही कशाला घातलीस? ज्येष्ठेला—"

"देवीला नको ही. मला बोलू द्या."

इतकी वर्षं त्या घरात येणाऱ्यांनी त्यांना 'मला बोलू द्या' म्हणताना बहुधा ऐकलं नसावं. सगळे थांबले. त्या पंगतीच्या मधोमध उभ्या होत्या, दोन्ही हातांत तुपाचं भांडं. भिंतीकडे बघून बोलल्या. फोटो ज्या भिंतीवर आहे तिच्याकडे.

"सात वर्षांमागं इथंच मी म्हटलं होतं, माझ्याकडून तिच्याकडे गेली तेव्हा ठीक होती. ठीक नव्हती. विशूच्या मुंजीआधी अर्धी मी मोडली होती. मंजुषाला काही ठाऊक नव्हतं. गळ्यावर डाग पडतो म्हणून तिनंच मला दाखवलं होतं. आणि मी तिच्यावर ढकललं. तिनं काही केलेलं नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगतेय."

एवढंच. रडल्या नाहीत. मला वाटलं होतं रडतील.

आत्या म्हणाल्या, "उमा, सणाच्या दिवशी काय हे?"

"त्या दिवशीही सणच होता, वन्सं."

काका ताटावरून अर्धवट उठले होते. "काढ ती. आधी काढ गळ्यातनं."

"नाही काढत. गळा माझा आहे."

"कुणाला विचारून मोडलीस?"

"कुणाला विचारणार? तुम्ही तेव्हा आचारी ठरवून आला होतात."

यावर कुणी तरी हसलं. कोण ते मी पाहिलं नाही. काका परत पाटावर बसले. चुलत सासऱ्यांनी ताट पुढं सरकवलं, जेवायचं नाही म्हणून. तेव्हा काकू त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "पान वाढलंय, जेवून घ्या. मुंजीला जेवलात तेव्हा कुणी विचारलं नव्हतं हे तूप कशाचं."

आणि त्या वाढायला लागल्या.

ताई, हे तुम्हाला नीट सांगायचं आहे. तुम्ही मला जे सांगितलं होतंत ते माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा झालं. बऱ्याच जणांनी पानावर हात आडवा धरला. काकू भांडं सरळ धरून पुढच्या पानाकडे जात राहिल्या. या वेळी त्यांच्या हातातलं भांडं काढून घ्यायला कुणी आलं नाही.

माझं पान वाढलेलं नव्हतं. मी एका रिकाम्या पाटावर बसले, पान ओढलं आणि म्हटलं, "मला वाढा." त्यांनी वाढलं. तूप पुरणपोळीच्या बाहेर सांडलं. चिन्मय माझ्यासमोर होता. त्यानं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पान पुढं केलं. संपवलं आणि पुन्हा मागितलं. त्याला तूप आवडत नाही.

विश्वजितदादा शेवटपर्यंत मान खाली घालून बसले होते. जेवले. निघताना जिन्यात मला म्हणाले, "तिचा नंबर तोच आहे का?" मी म्हटलं, मी सांगणार नाही. नंबर द्यायचा की नाही हे तुमचं आहे. कळवा, किंवा कळवू नका.

काका काकूंशी बोलत नाहीत. ताट घेऊन हॉलमध्ये टीव्हीसमोर बसतात, म्हणजे नेमके फोटोखाली. लग्नाचा 'फेरविचार' करावा असं त्यांनी चिन्मयला सांगितलं आहे. चिन्मयनं त्यांना सांगितलं की तो विचार त्याचा तो करील, आणि तारीख तीच आहे. हे तो मला सांगायला स्वतः मुकुंदवाडीला आला. या वेळी पोहे खाल्ले नाहीत, आधी बोलला. अंगठी सध्या बोटात आहे. मी त्याहून जास्त काही लिहीत नाही.

सोबत ठुशीचा रिपोर्ट आहे. तिच्यावर हॉलमार्क उमटवता येत नाही. कॅडमियम आहे आणि सगळे मणी एका शुद्धतेचे नाहीत. पण जे आहे ते लिहून देता येतं. ग्राहकाचं नाव काकूंनी स्वतःचं घालायला लावलं आणि एक प्रत वैजापूरला पाठव म्हणाल्या. निरोपही दिला. "तिला सांग, मी येणार नाही. तिला चहा करावा लागेल."

त्यांना माफ करा असं मी तुम्हाला लिहिणार नाही. ते मागायचा अधिकार मला नाही, आणि त्यांनीही मला तसं सांगितलेलं नाही.

ठुशी त्यांनी अजून काढलेली नाही. काल मी समर्थनगरला गेले तर त्या भाजी घेऊन परत येत होत्या, हातात दोन पिशव्या, साध्या सुती साडीवर ती ठुशी. ऊन होतं. मी म्हटलं, "काकू, घाम आला की मानेवर डाग पडेल."

"पडू दे," म्हणाल्या. "दिसू दे लोकांना."

पिशव्या मी घेतल्या. त्यांनी पदर मानेवरून खाली ओढला आणि जिना चढल्या.

तुमची जाऊ व्हायला उशिरा आलेली,
अश्लेषा